नाट्यगृहाला म्हातारपण हवे

पनवेलमध्ये 'जुने' या शब्दाचा अर्थ फार झपाट्याने बदलत गेला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जुने म्हणजे चौसोपी वाडा, नाहीतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उभे राहिलेले बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर. आज चार मजल्यांची साधी इमारतही जुनी ठरते आणि तिच्या फाटकावर पुनर्विकासाची पाटी लागते. 1852 साली नगरपालिका मिळालेले हे गाव 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगर झाले आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच्या दाराशी विमानतळाचे उद्घाटनही झाले. या धांदलीत गावाच्या मालकीची एक वास्तू उभी आहे. शिरढोणात जन्मलेल्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव तिला दिलेले आहे. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके तिथे येतात, अटल करंडकाच्या एकांकिका तिथे रंगतात. वयाने हे नाट्यगृह अजून तरुणच म्हणायचे. प्रश्न एवढाच आहे, की त्याला म्हातारे होऊ देण्याची आपली तयारी आहे काय?

प्रश्न विचित्र वाटेल. पण महाराष्ट्रात नाट्यगृहे बांधली गेली त्या मानाने म्हातारी झालेली किती, हे बोटांवर मोजता येईल. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भावे यांची मंडळी 1853 साली मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करून आली. ते नाट्यगृह आज नाही. पुण्याच्या ज्या थिएटरांत संगीत नाटकांचे सुवर्णयुग घडले, त्यांतली बहुतेक नावापुरती उरली. आपण नटांच्या पुण्यतिथ्या पाळतो, नाटकांचे शतक महोत्सव करतो. परंतु ज्या भिंतींनी ते सूर ऐकले त्यांच्या बाबतीत मात्र आपण कमालीचे निष्काळजी आहोत. जे एक मोठे नाट्यगृह शंभरी ओलांडून कामात राहिले होते, त्याची कहाणी म्हणूनच पनवेलकरांनीही नीट वाचली पाहिजे. त्यासाठी घाट चढून कोल्हापूरला जावे लागेल.

आखाड्याच्या पाठीला पाठ

शाहू छत्रपती 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने विलायतेला गेले आणि युरोप पाहून आले. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असे कोल्हापुरात आवर्जून सांगितले जाते. 1912 साली खासबागेचे मैदान तयार झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली जमीन, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी अशी त्याची रचना. या मैदानाला लागूनच 1913 साली नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि 1915 साली ते पुरे झाले. नाव ठेवले 'पॅलेस थिएटर'. स्वातंत्र्यानंतर त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले.

एका बाजूला लाल माती आणि दुसऱ्या बाजूला मखमली पडदा, मध्ये फक्त एक भिंत. या जोडणीत त्या राजाचा एक विचार दिसतो. नाटक ही विद्वानांची करमणूक आणि कुस्ती ही रांगड्यांची, अशी वाटणी त्याला मान्य नव्हती. ज्याच्या करातून दोन्ही उभे राहिले, त्याला दोन्ही पाहता आले पाहिजे, असा तो हिशेब असावा. युरोपातल्या राजेरजवाड्यांनी आपापल्या दरबाराच्या शोभेसाठी ऑपेरा हाउसे बांधली. कोल्हापूरच्या नाट्यगृहाचे नाव जरी राजवाड्याचे असले, तरी त्याचा शेजार पेठेतल्या तालमींचा होता. हा शेजार या वास्तूच्या भाग्याचा होता. गावाला ते नाट्यगृह कधी परके वाटले नाही.

आणि हे बांधकाम कोणत्या काळात झाले तेही पाहिले पाहिजे. राधानगरीच्या धरणाचे काम चालू होते. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती. 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. आधी पाणी, मग शाळा, मग उरले तर नाटक, अशी पायरी-पायरीची मांडणी शाहूंनी केली नाही. आज कोणत्याही नगरपालिकेत नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा विषय निघाला, की एखादा सदस्य उठून "आधी पाण्याचे बघा" असे म्हणतो आणि टाळ्या मिळवतो. पाण्याचे बघायलाच हवे. मात्र ज्याने पाण्याचे खरोखर बघितले, त्याने त्याच वर्षांत नाट्यगृहही बांधले, ही गोष्ट त्या सदस्याने ध्यानात ठेवावी.

माइक नसतानाचे गणित

1915 साली नाट्यगृह बांधायचे म्हणजे आवाजाचे गणित आधी सोडवावे लागे. ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा आवाज, ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढ्याच भांडवलावर मागच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू जायला हवे. मोकळ्या मैदानात आवाज विरून जातो. बंद दालनात तो भिंतींवर आपटून परततो. परतलेला आवाज मूळ आवाजामागोमाग, सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाच्या आत कानी पडला तर कानाला दोन्ही एकच वाटतात आणि बोलणे भरीव होते. तो उशिरा आला तर घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे त्या विसाव्या भागात सतरा मीटर. सारा खेळ या सतरा मीटरच्या फरकाचा. छत किती उंच, बाजूच्या भिंती किती दूर, माणसे बसल्यावर कपडे किती आवाज गिळतील, याचा अंदाज जुने बांधणारे अनुभवाने घेत.

कोल्हापूरच्या प्रेक्षागृहात मध्ये खांब नव्हता. एवढ्या रुंदीचे छत खांबाशिवाय पेलणे हे त्या काळी लहान काम नव्हते. खांब नसला की नजर अडत नाही हा एक लाभ, आणि आवाजही अडत नाही हा दुसरा. रंगमंचाच्या लाकडी तक्तपोशीखाली खोल पोकळी ठेवली होती आणि तीमुळे आवाजाला उठाव येई, असे तिथले जुने रंगकर्मी सांगत आले आहेत. पखवाज कशामुळे बोलतो हे ज्याला कळते, त्याला यात नवल वाटणार नाही. मातीच्या भरावावर ठोकलेली फळी मुकी असते, पोकळीवरची फळी वाजते.

आता यातले किती आपल्या नव्या नाट्यगृहांत उरले? माइक आला आणि आवाजाचे गणित वास्तुकाराच्या हातून ध्वनिव्यवस्थेच्या कंत्राटदाराकडे गेले. दालन कसेही असो, पेटी मोठी लावली की झाले, असा समज रूढ झाला. मग नाटकापेक्षा सत्कार समारंभाला बरे असे सभागृह तयार होते आणि त्याच्या दारावर 'नाट्यगृह' हे नाव लागते. विंगेत दोन माणसे एका वेळी जाऊ शकत नाहीत, नेपथ्याचा टेम्पो मागच्या दाराला लागत नाही, रंगपटात आरसा असतो पण पाणी नसते. गावोगाव प्रयोग करणाऱ्या कुठल्याही नटाला विचारा, तो अशा नाट्यगृहांची यादी न थांबता सांगेल.

पडद्यामागचे गाव

वास्तू मोठी होते ती तिच्यात वावरलेल्या माणसांमुळे. केशवराव भोसले 9 ऑगस्ट 1890 रोजी जन्मले आणि पोरवयातच नाटक मंडळीत दाखल झाले. 1908 साली, म्हणजे अठरा वर्षांचेही नसताना, त्यांनी हुबळीत 'ललितकलादर्श' काढली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. मराठी रंगभूमीने त्याच्याएवढा गाजलेला प्रयोग क्वचितच पाहिला असेल. त्यानंतर तीन महिन्यांतच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. अशा माणसाचे नाव वास्तूला देणे म्हणजे त्याच्या सुराची जबाबदारी घेणे होय.

दुसरी जोडी आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांची. नाटकाचे पडदे रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ अशी दृश्ये कापडावर उतरवता उतरवता त्यांना हलत्या चित्रांचे वेड लागले. कॅमेरा घरीच बनवायचा असा त्यांनी ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली अकाली वारले. बाबूरावांनी काम पुढे नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कोल्हापूरची पुढची सारी चित्रनगरी या रंगवलेल्या पडद्यामागून निघाली. नाट्यगृह म्हणजे केवळ नटांची जागा नव्हे हे यावरून कळावे. त्याच्या आसऱ्याने सुतार, शिंपी, रंगारी, दिवेवाले, तबलजी अशी एक कारागिरांची पेठ वाढते. नाट्यगृह बंद पडले की आधी ही पेठ ओस पडते. ती मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिचे नाव जाहिरातीत नसते.

आगीची रात्र

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह पेटले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडी छत गेले, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी दर्शनी भाग उभा राहिला. माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. त्यात ज्यांनी तिथे कधी पदार्पण केले होते ते होते, तसेच ज्यांनी फक्त पाचव्या रांगेत बसून नाटके पाहिली तेही होते. विशेष म्हणजे ही पडीक वास्तू नव्हती. आधीच्या दशकात तिचे मोठे नूतनीकरण झाले होते. तरीही ती एका रात्रीत गेली.

शासनाने मदत जाहीर केली, पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले आणि मागणी झाली ती 'जसेच्या तसे' उभारण्याची. ही मागणी स्वाभाविक आहे. व्हेनिसचे ला फेनिचे हे ऑपेरा हाउस 29 जानेवारी 1996 रोजी जळाले, तेव्हा तिथेही 'जसे होते तसे, जिथे होते तिथे' हीच घोषणा झाली. तिथे आग लागली नव्हती, लावली गेली होती. विजेच्या कामाचे कंत्राटदार मुदतीत काम संपवू शकत नव्हते आणि दंड चुकवण्यासाठी त्यांच्यापैकीच माणसांनी आग लावल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. गंमत अशी की 'फेनिचे' म्हणजे राखेतून उठणारा पक्षी, आणि हे नाट्यगृह त्याआधी 1836 सालीही जळाले होते. ते पुन्हा उघडले डिसेंबर 2003 मध्ये. बार्सिलोनाचे लिसेऊ 1994 साली जळाले आणि 1999 साली उघडले. म्हणजे जळालेले नाट्यगृह उभे करता येते, हे जगाने दाखवून दिले आहे.

परंतु 'जसेच्या तसे' या शब्दांत एक फसगत आहे. जसेच्या तसे म्हणजे काय? कमानी तशाच, जाळ्या तशाच, रंग तोच, एवढेच का? खांबाविना पेललेले छत आणि वाजणारी तक्तपोशी तशीच हवी, आणि तारांचे जुने जंजाळ मात्र तसे नको, हा विवेक करावा लागेल. शिवाय आखाड्याचा आणि नाटकाचा शेजार, गावातल्या हौशी मंडळीला परवडेल असे भाडे, ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला जिव्हाळा, हेही 'तसेच' असायला हवे. दगड घडवणारे कारागीर सापडतील. भाड्याचा तक्ता कोण घडवणार?

जळणे, विकणे, विसरणे

नाट्यगृहाला आगीचे भय जन्मजात असते. वर टांगलेले कापड, भोवती लाकूड, त्यात तापलेले दिवे आणि दाटीने बसलेली माणसे. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात सहाशेहून अधिक माणसे मेली. ते नाट्यगृह नवे होते आणि त्याची जाहिरात 'अग्निरोधक' अशीच होत असे. आगपडदा खाली आलाच नाही, दारे आत उघडणारी निघाली. त्यानंतर जगभर सार्वजनिक दारे बाहेर उघडणारी असावीत असे नियम कडक झाले. आपल्याकडे 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 जण गुदमरून मेले. आणि लांब कशाला जायचे? आपल्या रायगडातच, अलिबागचे पीएनपी नाट्यगृह जून 2022 मध्ये आगीत जळाले. पनवेलकराला ही बातमी परक्या मुलखातली वाटण्याचे कारण नाही.

पण आग हे एक मरण झाले. दुसरे मरण सभ्य असते. परळचे दामोदर नाट्यगृह 1922 सालचे. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचे आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचे ते हक्काचे घर होते. पाळीवरून सुटलेला माणूस रात्री तिथे शिवाजी होई, सकाळी पुन्हा साच्यावर उभा राही. 2023 च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झाले. रंगकर्मींनी आवाज उठवला तो भिंतींसाठी तर होताच, पण त्याहून अधिक या भीतीपोटी होता, की नवी इमारत उभी राहील आणि तीत जुन्या माणसाला परवडणारी तारीख मिळणार नाही. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आता त्यांची नाटके करायची जागाही गेली, असे वाटणाऱ्याला दोष कसा द्यावा?

तिसरे मरण विसरण्याचे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस 1993 साली बंद पडले आणि तेवीस वर्षे बंदच राहिले. त्या चौकाला, त्या बस थांब्याला त्याचे नाव होते, पण आत जाणारा कुणी नव्हता. 2016 साली ते काळजीपूर्वक दुरुस्त होऊन उघडले, ही आनंदाची गोष्ट. पण मधल्या तेवीस वर्षांत प्रेक्षकांची एक अख्खी पिढी त्याच्या बाहेरून निघून गेली.

पनवेलने काय करावे

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्याकडे नाट्यगृहाच्या आयुष्यात दोनच सोहळे असतात: भूमिपूजन आणि लोकार्पण. त्यामधल्या आणि त्यानंतरच्या रोजच्या दिवसांना वाली नसतो. नूतनीकरणासाठी कोटींचा निधी मिळतो, कारण त्याचे पुन्हा लोकार्पण करता येते. कळकट झालेला विजेचा फलक बदलायला मात्र निधी नसतो, कारण त्याची फीत कापता येत नाही. म्हातारपण हे सोहळ्यांनी येत नाही, ते रोजच्या निगराणीने येते, हे घरातल्या वृद्धांकडे पाहूनही कळण्यासारखे आहे.

म्हणून महापालिकेकडे काही साध्या मागण्या करायला हरकत नाही. नाट्यगृहाच्या देखभालीची रक्कम अर्थसंकल्पात वेगळी दाखवावी आणि ती दुसरीकडे वळवू नये. विजेच्या तारा, अग्निशमन यंत्रणा आणि बाहेर पडण्याची दारे यांची दरवर्षी तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल तिकीटबारीशेजारी लावावा. तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव त्या कागदावर अवलंबून असतो, त्यामुळे तो वाचण्याचा त्याला हक्क आहे. महिन्यातले काही दिवस स्थानिक हौशी संस्था, शाळा आणि लोककलावंत यांच्यासाठी अल्प दरात राखून ठेवावेत. आगरी-कोळी समाजाची लोकगीते, नाच आणि नमन-खेळे यांनाही त्या रंगमंचावर जागा हवी, कारण कोल्हापूरच्या आखाड्याप्रमाणे तोच इथला शेजार आहे. आणि प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवावी: तारीख, नाटक, संस्था, एक हस्तपत्रक. याला खर्च एका जाड वहीचा. पन्नास वर्षांनी ती वही म्हणजे या शहराच्या सांस्कृतिक आयुष्याचा इतिहास होईल.

याला आक्षेप येईल की नाट्यगृह तोट्यात जाते, नाटकाला माणसे येत नाहीत, हातातल्या फोनवर सारे काही दिसते. तोट्याचा मुद्दा खरा आहे. पण बाग, वाचनालय, स्मशानभूमी यांचा नफा आपण विचारत नाही. गावाने एकत्र राहायचे तर काही ठिकाणी पदरमोड करावीच लागते. आणि विमानतळाच्या आजूबाजूला जी नवी वस्ती होते आहे, ती देशाच्या कानाकोपऱ्यातून येणार. शेजारच्या दाराची पाटीही न वाचणाऱ्या त्या माणसांना दोन-तीन तास एका छताखाली, एकाच गोष्टीवर हसायला आणि रडायला बसवणारी जागा या शहरात दुसरी कोणती आहे?

कोल्हापूरकरांनी आपले नाट्यगृह 109 वर्षे वापरले. म्हणूनच ते जळाले तेव्हा शहराला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. पनवेलच्या नाट्यगृहाच्या वाट्याला तसा जिव्हाळा यायचा असेल तर त्याला आधी तेवढे जगू द्यायला हवे. त्याची सुरुवात एखाद्या नव्या घोषणेने होणार नाही. आज रात्री पडदा पडल्यावर मुख्य कळ बंद झाली की नाही, हे पाहणाऱ्या माणसापासून ती होईल.